आमच्या गावचा बंब

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



सुरुवातीलाच एक विचारतो. आत किचनमध्ये मसाला दूध आटतंय, त्याचा वास इथपर्यंत येतोय. पण तिथे कोणी उभं आहे का? नसेल तर कृपया एकाने जावं. मी थांबतो. ... आभारी आहे. माझं निम्मं भाषण इथेच झालं!

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "अग्निशामक दलातले अनुभव" असं वाचून मघाशी दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, तुम्ही आयटीत होतात ना? नोकरी गेली की काय?" नोकरी शाबूत आहे. सोमवार ते शुक्रवार मी डेटाबेसच सांभाळतो. आग विझवायला जातो ते फुकट. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा आणखीच काळजीत पडतो.

आमच्या आईचंही तेच झालं. मी फोनवर सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न, "पगार किती?" म्हटलं, काही नाही. "मग विमा तरी आहे का?" म्हटलं, तो आहे. "म्हणजे जिवंत आहेस तोवर काही देणार नाहीत, असंच ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबांनी मात्र फोन घेतला आणि म्हणाले, "अगं, आपल्या गावी कुठं पगार होता?" त्यांच्या लहानपणी कराडजवळच्या आमच्या गावात कडब्याच्या गंजीला आग लागली की मारुतीच्या देवळातली घंटा बडवायचे. ज्याच्या हाताला घागर लागेल तो घागर, कळशी लागेल तो कळशी घेऊन विहिरीकडे पळायचा. भांडण असलेला भाऊबंदसुद्धा यायचा. बाबांच्या मते मी वेगळं काहीच करत नव्हतो, फक्त घंटेच्या जागी पेजर आला होता.

आता मी या भानगडीत कसा पडलो ते सांगतो. त्यात माझी शोभा होणार आहे, पण इलाज नाही.

२००९ ची दिवाळी. न्यू जर्सीच्या पश्चिमेला, डेलावेअर नदीच्या अंगाला आमचं गाव आहे. पाच-सहा हजार वस्ती, मोठमोठी झाडं, लांब लांब घरं. संध्याकाळी चकल्या तळणं चाललं होतं. सौ.ला भारतातून फोन आला म्हणून ती बाहेर गेली, "जरा तेलाकडे बघ" म्हणाली. मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. वर मान केली तेव्हा कढई पेटली होती. इंजिनिअर माणूस मी, पण त्या क्षणी डोक्यात एकच आलं, आग म्हणजे पाणी. तांब्याभर पाणी घेतलं आणि कढईत ओतलं.

पुढे काय झालं ते मी आज शिकवायला जातो तेव्हा सांगतो. तेलाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या कितीतरी वर असतं. पाणी तळाशी जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि वाफ झाली की पाणी सुमारे १७०० पट फुगतं. ती वाफ पेटतं तेल घेऊनच वर उसळते. आमच्या छताला ज्वाळा लागल्या, वरची लाकडी कपाटं पेटली, माझा उजवा हात भाजला. आणि या सगळ्यात घरातला स्मोक अलार्म वाजला नाही. का? कारण रोज फोडणी दिली की तो बोंबलायचा, म्हणून त्याची बॅटरी मीच काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. या हॉलमध्ये असं केलेलं आणखी कोणी आहे का, हे मी आत्ता विचारत नाही. शेवटी विचारणार आहे.

मुलीला घेऊन आम्ही बाहेर आलो, ९११ फिरवला. आठ-नऊ मिनिटांत पहिला माणूस आला तो निळा दिवा लावलेल्या साध्या पिकअपमधून. बघतो तर आदल्या वर्षी आमचा वॉटर हीटर बदलून गेलेला प्लंबर! मागून बंब आला, तो चालवत होती मुलीच्या शाळेच्या बसची ड्रायव्हर. बंबावरून उतरलेली मुलगी आमच्या बँकेत काउंटरवर बसायची. त्यांनी किचनची आग किचनमध्येच ठेवली. बैठकीच्या सोफ्यावर, फोटोंवर ताडपत्री टाकली. एक जण आमचा देव्हारा दोन्ही हातांत धरून बाहेर घेऊन आला आणि विचारलं, "हा कुठे ठेवला तर चालेल?" त्या प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळं आटोपल्यावर मी त्या प्लंबरला, म्हणजे आमच्या चीफना विचारलं, "याचं बिल कुठे भरायचं?" ते हसले. म्हणाले, "बिल नसतं. आम्ही सगळे व्हॉलंटियर आहोत. वर्षातून एकदा देणगीसाठी पत्र पाठवतो, तेवढं उघडत जा." मंडळी, ते पत्र आमच्याकडे सात वर्षं येत होतं. पिझ्झाच्या कुपनांबरोबर मी ते न उघडता रद्दीत टाकत होतो. आग विझवायला पगारी सरकारी माणसं येतात, त्यासाठीच आपण एवढा टॅक्स भरतो, अशी माझी समजूत होती.

ती समजूत आपण भारतातून बरोबर आणलेली असते. मुंबईत वाढलेल्या माणसाला अग्निशमन दल म्हणजे महापालिका. त्या दलाचा इतिहासही थोर आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले. भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. पण अमेरिकेत गोष्ट वेगळी आहे. एनएफपीए या संस्थेच्या २०२० च्या आकडेवारीनुसार देशात सुमारे १० लाख ४१ हजार फायरफायटर होते आणि त्यांतले ६ लाख ७७ हजार, म्हणजे शंभरातले पासष्ट, बिनपगारी. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहरांत पगारी दल. आपण जिथे अंगण आणि चांगली शाळा बघून घर घेतो, तिथे बहुतेक ठिकाणी शेजारीच येतात.

ही परंपरा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ च्या डिसेंबरात फिलाडेल्फियात 'युनियन फायर कंपनी' काढली. प्रत्येक सभासदाने आपल्या घरी कातडी बादल्या आणि सामान भरून वाचवायला कापडी पिशव्या तयार ठेवायच्या. महिन्यातून एकदा जमायचं, आगीबद्दल बोलायचं, गैरहजर राहिला तर दंड. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीने या शेवटच्या कलमाचा जरूर विचार करावा.

तर आता पेजर वाजल्यावर काय होतं?

समजा रात्रीचे पावणेतीन आहेत. उशाशी पेजर किंचाळतो, पाठोपाठ पत्ता ऐकू येतो. कपडे चढवून मी गाडीत बसतो. आमच्या घरापासून फायरहाऊस चार मिनिटांवर आहे. गाडीत निळा दिवा लावतो, पण तो सायरन नव्हे. त्याने सिग्नल तोडायची मुभा मिळत नाही. मागून असा दिवा दिसला तर एवढं करा, बाजू द्या. तो माणूस कुणाच्या तरी घरी, कदाचित तुमच्याच घरी निघालेला असतो.

फायरहाऊसमध्ये बूट आणि विजार एकात एक घालून उभी ठेवलेली असते. पाय घालायचे, वर ओढायची. पूर्ण पोशाख एका मिनिटात चढला पाहिजे. कापडाचे तीन थर असतात. बाहेरचा थर आगीत न वितळणारा, मधला पाणी अडवणारा, आतला उष्णता अडवणारा. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मुखवटा. सगळं मिळून पंचवीस किलोच्या आसपास. मुखवटा कातडीला घट्ट बसला पाहिजे, म्हणून मिशी चालते, दाढी चालत नाही. माझी दाढी त्यात गेली, एवढा एकच त्याग सौ.ला मनापासून आवडला.

सिलिंडरवर 'तीस मिनिटं' लिहिलेलं असलं तरी जड काम करताना, छाती धडधडत असताना ते पंधरा-वीस मिनिटांत संपतं. हवा एक तृतीयांश उरली की इशारा वाजतो. अंगावर आणखी एक छोटं यंत्र असतं. तुम्ही अर्धा मिनिट हलला नाहीत की ते कर्कश ओरडायला लागतं. धुरात काही दिसत नाही, सिनेमातल्यासारखा लख्ख उजेड नसतो. स्वतःचा हात दिसत नाही. भिंतीला हात लावून गुडघ्यांवर रांगायचं, आणि पडलेल्या सोबत्याला त्या आवाजावरून शोधायचं.

यासाठी शिक्षण लागतं. मला वाटलं होतं, हौशी मंडळी आहेत, दोन शनिवार शिकवतील. प्रत्यक्षात पहिली पायरी, फायरफायटर वन, हीच दीडशे ते दोनशे तासांची निघाली. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि शनिवार-रविवार, असे पाच-सहा महिने मी काउंटीच्या अकॅडमीत जात होतो. शिडी कशी लावायची, कुलूपबंद दार कसं उघडायचं, गॅसवाहिनी कशी बंद करायची, धुराच्या रंगावरून आणि वेगावरून आत काय चाललंय ते कसं ओळखायचं. लेखी परीक्षा, मग प्रत्यक्ष पेटवलेल्या काँक्रीटच्या घरात परीक्षा. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या पोरांबरोबर शिडी उचलताना माझी जी अवस्था झाली ती सौ.ला विचारा. नंतरही दर मंगळवारी कवायत असते.

माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला सगळ्यात गंमत वाटली ती पाण्याच्या हिशेबाची. शहरात कोपऱ्यावर हायड्रंट असतो. आमच्या निम्म्या गावात नाही, सगळ्यांच्या विहिरी. म्हणजे पाणी बरोबर न्यायचं. बंबाच्या पोटात १००० गॅलन. पावणेदोन इंची एका होजमधून मिनिटाला दीडशे गॅलन जातात. भागाकार करा, सात मिनिटंसुद्धा नाही. दोन होज चालू केले तर साडेतीन. म्हणून मागून टँकर येतात. रस्त्यावर ताडपत्रीची घडीची मोठी टाकी उघडतात, लहान मुलांच्या पोहण्याच्या हौदासारखीच दिसते. टँकर त्यात पाणी ओततो आणि तळ्याकडे परत पळतो, तोवर दुसरा हजर. बंब त्या टाकीतून पाणी ओढत राहतो. तीन-चार गावांचे टँकर गोल फिरत राहिले पाहिजेत, एकाने उशीर केला की नळीतलं पाणी आटलं. आणि नळीच्या टोकाला माणसं आत असतात. भरलेल्या होजच्या पन्नास फुटांत नुसतं पाणीच चोवीस किलो असतं. ते ओढत जिना चढायचा. बाबांना हे सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे घागरींची रांगच की!" अगदी बरोबर.

आता कोणी म्हणेल, रोज कुठे एवढ्या आगी लागतात? नाही लागत. आमचे बरेचसे कॉल आगीचे नसतातच. उगाच वाजलेला अलार्म, झाडावर आपटलेली गाडी, तुटलेली वीजतार, कार्बन मोनॉक्साइड, बेसमेंटमध्ये भरलेलं पाणी. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ आलं तेव्हा चार दिवस मी घरी फक्त आंघोळीला गेलो, तीही गार पाण्याची, कारण वीज कुणाकडेच नव्हती. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडाच्या पावसात न्यू जर्सीत तीसच्या आसपास माणसं गेली, त्यातली बरीचशी पाण्यात गाडी घातल्यामुळे. त्या रात्रीपासून मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, रस्त्यावर पाणी दिसलं तर गाडी फिरवा. पाण्याखाली रस्ता उरला आहे की नाही, ते वरून कळत नाही.

आता ज्या दिवसामुळे मी हे भाषण करायला तयार झालो, तो दिवस सांगतो.

मार्च २०१९. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. मी त्या दिवशी घरून काम करत होतो. पेजर वाजला, घराला आग. फायरहाऊसवर पोचलो तर आम्ही तिघं. बंब चालवायला आमची बसवाली, एव्हाना तिची साठी उलटली होती. मी. आणि एक एकोणीस वर्षांचा मुलगा, त्याचं शिक्षण अर्धं झालेलं, आत जायची परवानगी नाही. चीफ चाळीस मैलांवर कामाला, बँकेतली मुलगी केव्हाच नवऱ्याबरोबर दुसऱ्या राज्यात गेलेली. तिघंच निघालो.

दुमजली घर, मागच्या बाजूने धूर. घरची बाई दोन मुलांना घेऊन अंगणात उभी. पहिला प्रश्न आम्ही विचारतो तोच विचारला, आत कोणी आहे का? नाही, सगळे बाहेर. देवाची कृपा. पण मग नियम असा आहे की दोघं आत गेले तर दोघं पूर्ण तयारीनिशी बाहेर उभे पाहिजेत, आतल्यांना काही झालं तर काढायला. आत जीव अडकलेला असेल तर गोष्ट वेगळी. घरासाठी, सामानासाठी हा नियम मोडायचा नाही. हा नियम अनेक फायरफायटरांच्या मरणातून आलेला आहे.

म्हणून आम्ही आत गेलो नाही. मी खिडकीतून बाहेरून पाणी मारत राहिलो. शेजारच्या गावाचा बंब अकरा मिनिटांनी आला. तोवर आग माळ्यावर गेली होती आणि माळ्यावर गेलेली आग छप्पर घेऊनच थांबते. त्या बाईने माझ्या कोटाची बाही धरून विचारलं, "तुम्ही आत का जात नाही?" चौथा माणूस नाही म्हणून, हे उत्तर मला तिला देता आलं नाही. मी म्हटलं, "येताहेत, आणखी येताहेत."

संध्याकाळी फायरहाऊसमध्ये होज धुताना कोणी बोलत नव्हतं. चीफ एवढंच म्हणाले, "मी गावात असतो तर चौघं झालो असतो." घरी आलो तर एक फोन. त्याच रस्त्यावर राहणारे आपल्यातलेच एक स्नेही. "काय रे, काय झालं होतं सकाळी? मी कॉलवर होतो, खिडकीतून धूर दिसत होता." त्यांचा काही दोष नाही. २००९ पूर्वी मीही तोच फोन केला असता. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मंडळी, ही आमच्या एका गावाची गोष्ट नाही. एनएफपीएच्या हिशेबाने १९८४ साली देशात जवळजवळ ९ लाख व्हॉलंटियर होते, आता सांगितलं तसे २०२० मध्ये पावणेसात लाख. लोकसंख्या मात्र या काळात दहा कोटींच्या आसपास वाढली. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात १९७० च्या दशकात तीन लाख होते, २०१८ च्या सरकारी अहवालात तो आकडा अडतीस हजारांवर आला होता. कारणं आपल्याच घरात आहेत. नवरा-बायको दोघं नोकरीला, नोकरी तासाभराच्या अंतरावर, शिक्षणाचे तास वाढलेले, मुलांचे सॉकर आणि भरतनाट्यम. दिवसा गावात माणूसच नसतो.

मग पगारी माणसं ठेवा, असं कोणी म्हणेल. काही गावांनी ठेवली आहेत, दिवसापुरती. पण हिशेब बघा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस चाळीस तास काम करतो. म्हणजे बंबावरची एक जागा चोवीस तास भरायला चारपेक्षा जास्त माणसं लागतात, चार जागांना सतरा. सतरा पगार, सतरा विमे, सतरा पेन्शनी, तेही पाच हजार वस्तीत. प्रॉपर्टी टॅक्सबद्दल आपण आत्ताच किती बोलतो ते मला माहीत आहे!

मी इथे भरती करायला उभा नाही. हे काम प्रत्येकाने करावं असंही नाही. धोका खरा आहे. ड्युटीवर मरणाऱ्या फायरफायटरांमध्ये सगळ्यात जास्त हृदयविकाराने जातात. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हा पेशाच कर्करोगजनक ठरवला. म्हणून आता आम्ही आगीचे कपडे घरी आणत नाही, तिथेच धुतो. सौ.ची काळजी मला कळते. पण चार गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकाला करता येतील.

पहिली. ते पत्र उघडा. बंबाची किंमत आता दहा लाख डॉलरच्या घरात जाते. गावाच्या पैशात ते भागत नाही, म्हणून आम्ही पॅनकेक विकतो. आमच्या फायरहाऊसचा पॅनकेक ब्रेकफास्ट असतो तेव्हा मुलांना घेऊन या. मुलांना बंबात बसवतो, हेल्मेट घालतो. अंडं चालत नसेल तर सांगा, एका तव्यावर बिनअंड्याचे करायची प्रथा मी पाडली आहे.

दुसरी. आग न विझवताही मदत करता येते. हिशेब ठेवणारे, वेबसाइट बघणारे, ग्रँटचे अर्ज लिहिणारे आम्हाला हवेच असतात. श्वसनयंत्रं जुनी झाली होती, ती बदलायला २००१ पासून केंद्र सरकारची ग्रँट मिळू शकते. पण अर्ज लिहायचा कोणी? आमचा अर्ज आपल्या मंडळातल्याच एका ताईंनी तीन रविवार बसून लिहिला आणि तो मंजूर झाला. त्या आयुष्यात बंबावर चढलेल्या नाहीत. पण आज मी आत जातो तेव्हा जी हवा घेतो, ती त्यांच्यामुळे.

तिसरी. मुलांना अडवू नका. बऱ्याच ठिकाणी सोळाव्या वर्षापासून ज्युनिअर म्हणून घेतात. ती आत जात नाहीत, पण होज गुंडाळतात, साहित्य ओळखायला शिकतात, रेडिओवर नीट बोलायला शिकतात. कॉलेजच्या अर्जासाठी उपयोग होतो का, असं विचारतात. होत असेल. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की इथे जन्मलेल्या आपल्या मुलांना गावातला प्लंबर आणि बसवाली नावाने माहीत होतात.

चौथी गोष्ट घरातली, आणि ती आज रात्रीच करायची आहे. अमेरिकेत घरातल्या आगींचं पहिल्या क्रमांकाचं कारण स्वयंपाक. आपली दिवाळी म्हणजे आठ दिवस तळण. तेल तापत असताना जागेवरून हलू नका, फोन भारतातून आला तरी. बाजूला कढईवर बसेल असं झाकण ठेवा. पेटलंच तर झाकण सरकवून बसवायचं, शेगडी बंद करायची आणि थंड होईपर्यंत उघडायचं नाही. कढई उचलायची नाही. पाणी तर नाहीच नाही, ते मी तुमच्या वतीने करून बघितलं आहे.

स्मोक अलार्म फोडणीने वाजतो, हे मान्य. त्याला शेगडीपासून निदान दहा फूट लांब लावा, फोटोइलेक्ट्रिक जातीचा घ्या, तात्पुरता गप्प करायचं बटण असतं ते वापरा. बॅटरी काढू नका. घरातल्या आगींत जे मरतात त्यांतले पाचातले तीन अशा घरांत मरतात जिथे अलार्म नव्हता किंवा चालत नव्हता. दहा वर्षं झाली की अख्खा अलार्मच बदलायचा असतो, मागे तारीख छापलेली असते. पूर्वी घर पेटलं तर निघायला वेळ मिळायचा. २००९ साली अंडररायटर्स लॅबोरेटरीजने दोन खोल्या पेटवून बघितल्या. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या फोम आणि प्लॅस्टिकच्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत गेली. आम्हाला तर फायरहाऊसवर पोचायलाच चार मिनिटं लागतात. त्या वेळात तुमच्याकडे फक्त तो अलार्म आणि बंद दार असतं. म्हणून रात्री झोपताना बेडरूमचं दार लावून घ्या आणि बाहेर पडल्यावर कुठल्या झाडाखाली जमायचं ते मुलांबरोबर ठरवून ठेवा.

तर आता मघाशी राहिलेला प्रश्न. ज्यांच्या घरी अलार्मची बॅटरी ड्रॉवरमध्ये आहे त्यांनी हात वर करा. ... बघा, बरेच हात आहेत. लाजू नका. मी फायरहाऊसमधून दोन डझन बॅटऱ्या आणल्या आहेत, दूध प्यायला जाताना टेबलावरून एक-एक उचला. ज्यांना वर लावायला शिडी नाही त्यांनी नाव लिहून ठेवा. पुढच्या शनिवारी मी आणि तो एकोणीस वर्षांचा मुलगा, आता तो लेफ्टनंट झालाय, येऊन लावून देऊ. त्याला चकल्या फार आवडतात, एवढं लक्षात ठेवा.

दूध उतू गेलं नाही, असं आतून सांगताहेत. सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.